आण्णांची सही

सरोजिनीने कुंचला टर्पेंटाइनमध्ये खळबळून धुतला, फडक्यात दाबून कोरडा केला आणि रंगाला न टेकवता तसाच बापाच्या हातात दिला.

"पांढरा लावलास?" आण्णांनी विचारलं.

"लावला."

आण्णा उठले. झालं, नाटक सुरू! गिऱ्हाइकासमोर चित्राच्या डोळ्यांत उजेडाचे ठिपके द्यायचे, ही त्यांची जुनी रीत. आण्णांनी डोळे उघडले की चित्र बोलतं, असं अख्खं कोल्हापूर म्हणे. मोतीबिंदूमुळे आण्णांना समोरचा माणूससुद्धा धड दिसत नव्हता, हे कोल्हापूरला कुठं ठाऊक? फेट्यापासून मिशीपर्यंत सगळं सरोजिनीने रंगवायचं आणि यांनी आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या.

हे चित्र कागलच्या शाळेत लागणार होतं. खाली माझंही नाव घालू द्या, एवढंच तिने आठवड्यापूर्वी मागितलं होतं. आण्णा हसले होते.

"पोरी, लोक चित्र बघत नाहीत. नाव बघतात."

म्हणून त्याच रात्री तिने ठिपके देऊन टाकले होते. आणि कोपऱ्यात, आण्णांच्या सहीच्या जागी, चांगल्या ठळक अक्षरांत स्वतःचं नाव. एव्हाना रंग वाळलाही होता.

आण्णांनी चौकटीवर हात टेकून अंदाज घेतला. कोरडा कुंचला एका डोळ्याला लागला, मग दुसऱ्याला.

"आगं आई गं! आबा बघाय लागलं की!" चित्र न्यायला आलेल्या कागलच्या गणपतरावांनी आपल्या बापाच्या चित्राला हात जोडले. "मगाशी नुसतं चित्र हुतं. आण्णा, तुमच्या हातात जादू हाय!"

जादू म्हणे! आबा मगापासून बघतच होते, हा बैलच बघत नव्हता.

सहीसाठी तिने तोच कुंचला परत दिला. "लाल लावलाय," म्हणाली. आण्णांनी तो कोपऱ्यात ऐटीत फिरवला. गणपतराव वाकले. आता वाचेल, आता विचारेल.

"वा! काय डौल हाय सहीचा! हिच्यासाठनं तर आलो." ते तिच्याकडे वळले. "ताई, जरा च्या मिळंल का?"

तिला या माणसाची किळस आली. तिने चहा टाकला.

चित्र मोटारीत चढलं, मोटार गेली. आण्णांनी सवयीने कुंचला पुसायला घेतला. केसांवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. केस कोरडे ठणठणीत होते.

"सही नीट आली?"

"आली."

"वाचता येते?"

सरोजिनीने उष्टे कप उचलले.

"येते की. वाचतंय कोण?"