खाली थांब

कराडच्या एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. त्यामुळे गुरुग्रामला धाकट्या बहिणीकडे आले आणि ती म्हणाली, "ताई, लाजपत नगरला जायचंय ना, मी कॅब बुक करते, मेट्रोच्या नादाला बिल्कुल लागू नकोस," तेव्हा मला हसूच आलं. गर्दी काय मी पाहिली नव्हती?

"बरं, जा. पण कृतिकाचा हात सोडू नकोस. प्लीज, ताई." एवढं बोलून हेमांगी लॅपटॉपसमोर बसली. तिची मीटिंग सुट्टीच्या दिवशीही संपत नाही.

कृतिका ही तिची सहा वर्षांची लेक. जन्म दिल्लीतला, शाळा इथलीच. मराठी गोड बोलते, पण बोलता बोलता कधी हिंदीत घसरेल, सांगता येत नाही. निघताना लाल स्वेटर घालून, खांद्याला छोटी बॅग अडकवून ती दूध पीत होती. "बॅग खाली ठेव आधी, सांडशील," मी म्हटलं. तर पोरीनं सगळी बॅग सोफ्यावर उपडी केली. रंगखडू, बिस्किटाचा चुरा, चिंचेच्या गोळ्या. मी भडकलेच. "माझी चेष्टा करतेस?" म्हणून खडसावलं, तर तिचे डोळे भरले. मला वाटलं, लाडानं शेफारलीये.

जाताना मेट्रो आवडली मला. थंडगार डबा, बायकांना वेगळी जागा, कुणी पानसुद्धा खात नव्हतं. लाजपत नगरात मात्र माझा तोरा उतरला. चहूकडून "दीदी, देख तो लो" म्हणत कपडे अंगावर येत होते. पर्स पोटाशी धरून आणि कृतिकाचं मनगट आवळून मी चालत होते. तिथे मी जयपुरी रजई घेतली. घासाघीस केल्याशिवाय मी काही घेत नाही, त्यात वेळ गेला आणि परतीच्या गर्दीत सापडलो.

मध्ये गाडी बदलायची होती. दार उघडलं आणि आम्ही उतरलो नाही, लोटले गेलो. एका काखेत रजईचं गाठोडं, दुसऱ्या हातात पर्स. "माझा पदर धर," मी कृतिकाला सांगितलं. हात नाही, पदर. सरकत्या जिन्याशी आलो. मागून धक्का आला, माझा पाय पायरीवर पडला आणि जिना मला घेऊन निघाला. पदर हलका लागला म्हणून वळले, तर कृतिका फलाटावरच. पाय उचलायची, परत मागे घ्यायची. मध्ये लोकांची भिंत झाली.

"खालीच थांब!" मी जीव खाऊन ओरडले. "कृतिका, खाली थांब! मी आले!"

तिनं मान हलवली. एवढं मी नक्की पाहिलं.

वर पोचताच पायऱ्यांचा जिना शोधला आणि लोकांना कोपरानं ढकलत उतरले. जिन्याशी कृतिका नव्हती.

हाका मारल्या, पण भोंग्यातल्या सूचनांपुढे माझा आवाज कुठे पोचणार? सगळीकडे पाठी, जाकिटं, कानात वायर घातलेली तोंडं. लाल स्वेटर दिसला म्हणून धावले, तो दुसऱ्याच कुणाचा तरी. एक गाडी आली, माणसं ओतून आणि माणसं भरून निघून गेली. त्यात ती चढली असेल तर? कुणी हात धरून नेली असेल तर? हेमांगीला काय तोंड दाखवू? मी भर फलाटावर रडायला लागले, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

एक गार्ड जवळ आला. "क्या हुआ, माताजी?"

"हमारी लडकी... छोटी है... लाल स्वेटर. मैंने उसको बोला था, खाली थांब... खाली खडी रह. इधरीच बोला था."

तो वायरलेसवर काहीतरी बोलला, मग गर्दीकडे पाहत म्हणाला, "खाली? माताजी, इस टाइम यहाँ खाली जगह कहाँ मिलेगी बच्ची को?"

खाली जगह. रिकामी जागा.

सोफ्यावर उपडी केलेली बॅग डोळ्यांसमोर आली. बॅग खाली ठेव, म्हणून तिनं बॅग रिकामी केली होती. चेष्टा नव्हती ती. आणि आता मी ओरडून सांगितलं होतं, खाली थांब. गुणी पोर, ती या गर्दीत रिकामी जागा शोधायला गेली होती.

मी मान वर करून पाहिलं. बाकांवर माणसं, खांबांना टेकून माणसं, भिंतीला लागून माणसं. सगळा फलाट खच्चून भरलेला. रिकामी होती ती फक्त पिवळ्या रेषेच्या पलीकडची पट्टी, रुळांच्या कडेची.

तेवढ्यात लांबून शिट्टी वाजली, मग पुन्हा, जोरात. बोगद्यातून वारा सुटला होता. रजई कुठे टाकली, पर्स कुठे गेली, आठवत नाही. मी शिट्टीच्या दिशेनं धावले. फलाटाच्या टोकाला, रेषेपुढे, दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून कृतिका उभी होती. एकटी, शहाण्यासारखी. बोगद्यातला उजेड तिच्या गालावर पडला होता. मी तिचा स्वेटर धरला आणि मागे ओढलं. दोघीही फरशीवर पडलो. गाडी आमच्या पायांपाशी धडधडत शिरली.

तिला वाटलं, मी पुन्हा रागावले. ती हुंदके देत म्हणाली, "मावशी, मला जागाच मिळत नव्हती. मग इथे मिळाली. मी खालीच थांबले ना?"

"हो गं बाई," मी तिला छातीशी धरलं. "खालीच थांबलीस."

गार्डनं पर्स आणि रजई आणून दिली. रजई मी त्याच्या हातातून घेतलीच नाही. कृतिकाचा हात धरला, दोन्ही हातांनी. सरकता जिना समोर होता, आणि त्याच्यावर पाय ठेवायची माझीच हिंमत होईना.

"चल," मी म्हटलं, "आता वर जायचंय."

ती जागची हलली नाही. माझ्या तोंडाकडे बघत, अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "मावशी, वर म्हणजे ऊपरच ना? पक्का?"