त्याच्यासमोर बोला

इस्पितळांच्या चादरी धुणारं ते धुलाईघर कामगारांनीच एकत्र येऊन काढलं होतं. मालक असा कुणी नव्हता. आपल्यातलाच एक जण सगळे मिळून प्रमुख म्हणून निवडायचे. या खेपेला ताईला निवडलं होतं. ताई चादरींच्या घड्या घालायची आणि सुटीच्या दिवशी विहारात जाऊन बसायची. कुणाला टाकून बोलणं तिच्या जिवावर यायचं, म्हणून ती सगळ्यांनाच आवडायची.

तिची धाकटी बहीणही तिथेच कामाला होती. एका सकाळी बॉयलरवाला वाफ पुरती बंद न करताच मागच्या दारात फोनवर बोलत उभा राहिला. धाकटीनं नेहमीसारखं मशीनचं झाकण उघडलं आणि वाफेचा लोट तिच्या उजव्या हातावर आला. कोपरापर्यंत कातडी सोलवटून निघाली.

तिला दवाखान्यात सोडून ताई परत आली तेव्हा सगळे इस्त्रीच्या टेबलाभोवती जमले होते. बॉयलरवाला केव्हाच घरी निघून गेला होता. इस्त्रीवाले काका तिथले सगळ्यांत जुने. त्यांचं म्हणणं, त्याला आजच्या आज काढून टाकायचं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ताईच्या मनात तर याहून वाईट विचार येत होते. तिनं नुसती मान हलवली असती तरी विषय तिथेच संपला असता. पण आपण रागात आहोत हे तिला कळत होतं. उद्या बसू, एवढंच म्हणून ती विहारात गेली.

विहारातल्या भिक्खूंनी, भन्तेंनी, सगळं ऐकून घेतलं. त्यांनी तिची समजूत काढली नाही. भिक्खूंच्या संघात कुणाचाही निवाडा त्याच्या पाठीमागे होत नसतो, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्याचा दोष दाखवणाऱ्यानं आधी स्वतःला विचारायचं असतं, की हे खरं आहे का, ही वेळ योग्य आहे का, शब्द मऊ आहेत का, यातून कुणाचं भलं होईल का. आणि मनात मैत्री आहे की राग?

"राग आहे," ताई म्हणाली.

"मग आज बोलू नका. पण गप्प बसणं म्हणजेच करुणा, असंही समजू नका."

हे वाक्य ताईला लागलं. बॉयलर तसाच सोडून तो बाहेर जातो, हे तिनं आधीही पाहिलं होतं. उगाच कशाला दुखवायचं, म्हणून ती काही बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः बॉयलरवाल्याच्या घरी गेली आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर येऊन बस म्हणाली. तो दारातच म्हणाला, "काढायचं ठरलंय तर निरोप पाठवायचा. समोर बसवून कशाला?"

"काहीच ठरलेलं नाही. तुझ्याशिवाय ठरणारही नाही."

पाळी संपल्यावर सगळे चादरींच्या गठ्ठ्यांवर गोल करून बसले. जखम आपल्या बहिणीला झाली आहे, म्हणून आज आपण प्रमुखाच्या जागी बसणार नाही, असं ताईनं सांगितलं आणि ती जागा काकांना दिली. काका चपापले. मग एकेकानं बोलायचं ठरलं, तेही त्याच्याकडे पाहून. पाठीमागे तावातावानं बोललेल्यांना आता शब्द शोधावे लागत होते. ताईची पाळी आली तेव्हा तिनं आपण पाहिलेलं सांगून टाकलं. "तेव्हाच तुला बाजूला घेऊन बोलले असते तर हिचा हात वाचला असता," ती म्हणाली. कुणी तिची बाजू सावरून घेतली नाही, आणि तिलाही ते नको होतं.

बॉयलरवाल्यानं सबब सांगितली नाही. मित्राशी गप्पा मारत होतो, म्हणाला, आणि मान खाली घातली.

धाकटी बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. "मला तुझी माफी नको," ती म्हणाली. "तू रोज मला बघून असाच मान खाली घालायला लागलास, तर मलाच इथे काम करता येणार नाही. बॉयलरला मात्र परत हात लावू नकोस."

त्यानं ओल्या चादरी वाहायचं काम करावं आणि बॉयलरपाशी यापुढे एकट्यानं कुणी उभं राहू नये, असं पुढे आलं. काकांनी तीनदा विचारलं, कुणाची हरकत आहे का. तिन्ही वेळा कुणी हरकत घेतली नाही. मग काका सावकाश म्हणाले, "माझी आहे. उद्या दुसरं कुणी भाजलं तर?"

एकाचीही हरकत असली तर ठरवायचं नाही, अशी तिथली रीत होती, तेव्हा त्या दिवशी काही ठरलंच नाही. पुढच्या दिवशी बसले, आणि त्याच्याही पुढच्या. शेवटी काका म्हणाले की मला पटलेलं नाही, पण मी आड येणार नाही. माझं म्हणणं तुम्ही पुरतं ऐकून घेतलंत. थोड्याच दिवसांत त्यांनी काम सोडलं. ताई त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली. रागावून जाताय का, असं तिनं विचारलं, तर ते नाही म्हणाले. पण थांबलेही नाहीत. ताईला ते फार जड गेलं.

धाकटीची मूठ आजही पुरती मिटत नाही. आता ओल्या चादरी वाहणारा बॉयलरवाला तिच्याशी बेतानं बोलतो, तीही तेवढंच बोलते. ताईला कुणाची चूक दिसली, की ती त्याला बाजूला घेऊन लगेच सांगते. सांगताना दर वेळी तिच्या तळहातांना घाम फुटतो. तो साडीला पुसते आणि बोलते.