तीनशे जण आणि एक किटली

माणसं वरच्याचं मुकाट का ऐकतात, या विषयावर मी पाच वर्षं पीएचडी करतेय, आणि ही पाचही वर्षं रोज संध्याकाळी गुरुप्रसाद सरांच्या घरचं दूध आणतेय. सर माझे गाईड. मी निशिगंधा, कोल्हापूरजवळच्या कोडोली गावची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नाही, इतकी मी हुशार.

दूधही असंतसं चालत नाही. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गुंडूमामांची म्हैस, डोळ्यांसमोर काढलेली धार, आणि फेस बसायच्या आत किटली घरात.

प्रबंध जमा करायचा शेवटचा दिवस आला. पाचपर्यंत तो विद्यापीठात पोचला नाही तर नोंदणी रद्द. फक्त सरांची सही राहिली होती. तीन वाजता मी त्यांच्या घरी गेले, तर सर चष्मा कपाळावर चढवून माझ्या सर्व्हेचा तक्ता बघत बसलेले.

"निशिगंधा, 'तुम्ही कुणाच्या हुकमानं वागता का?' या प्रश्नाला तीनशेच्या तीनशे लोकांनी 'नाही' लिहिलंय?"

"कोल्हापूर आहे, सर."

दुसरं काय सांगणार? फॉर्म भरताना गुंडूमामा कट्टाभर ऐकू जाईल असे गरजले होते, "लिव्ह पोरी, आमी बाचं बी ऐकत न्हाय!" मग रांगेतल्या मागच्या सगळ्यांनी तेच लिहिलं.

"म्हणजे लोक ऐकतच नाहीत. विषयच संपला की! नोंदणी परत कर, आणखी एक वर्ष घे, नवा सर्व्हे कर," सर म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, "आणि ती किटली घेऊन जा. आज जरा लवकर आण."

माझा हात किटलीकडे गेलासुद्धा. कडी बोटांत आली आणि मला एकदम ते तीनशे जण दिसले. भर उन्हात रांगेत उभे. मी गळ्यात ओळखपत्र अडकवून ओरडत होते, "पांढऱ्या रेघेच्या मागं उभं राहा! निळ्या पेनानंच लिहा!" ही कशासाठी लिहून घेतेय, एकानंही विचारलं नव्हतं. गुंडूमामा म्हैस तशीच सोडून निळं पेन मागत कट्टाभर फिरले. मग रेघेच्या मागं उभं राहून, निळ्या पेनानं त्यांनी लिहिलं की आपण कुणाचं ऐकत नाही.

मी हे सगळं एका दमात सरांना सांगितलं.

"वा! छान मुद्दा आहे," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी लिही."

माझं डोकंच फिरलं. पाच वर्षं! मी पर्समधून ओळखपत्र काढून गळ्यात घातलं, सहीचं पान त्यांच्यापुढं आपटलं आणि सरकारी खिडकीतल्या आवाजात म्हणाले, "सही इथं. पूर्ण नाव. खाली तारीख. निळं पेन."

सरांनी खिशातलं काळं पेन काढलं, परत ठेवलं. खण उघडून निळं शोधलं. सही केली. "आज तारीख किती?" असंही विचारलं. मी सांगितली, त्यांनी लिहिली. मग पेनाकडे बघत बसले.

"निशिगंधा," ते हळूच म्हणाले, "दूध तेवढं..."

"न्हाय आणणार!" तोंडातून थेट कोडोली बाहेर पडली. पाच वर्षांतला पहिला नकार.

तेवढ्यात आतून माईंचा आवाज आला. माई म्हणजे सरांच्या आई, वय ब्याऐंशी. "गुरू! आज दूध लवकर आण म्हटलं होतं ना? रोज वेळेवर जातोस, आज काय झालंय? ऊठ!"

रोज? सर? मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. असा केविलवाणा चेहरा मी आयुष्यात बघितला नव्हता.

"निघालोच, माई!" सर ताडकन उठले आणि किटली शोधायला लागले. टेबलाखाली बघितलं, दारामागं बघितलं. ती माझ्या डाव्या हातात होती. 'न्हाय' म्हणतानाही मी सोडली नव्हती.

मला हसू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. बोटं एकेक करून सोडवली आणि किटली सरांच्या हातात दिली.

"पांढऱ्या रेघेच्या मागं उभं राहायचं," मी म्हणाले.

"बरं," सर म्हणाले.