छातीभर श्वास

"काका, श्वास घ्या आणि धरून ठेवा!" मी माइकवर सांगितलं, आणि काकांनी इतक्या जोरात श्वास ओढला की काचेपलीकडे त्यांची छाती चक्क उंच झालेली दिसली.

सीटी स्कॅनच्या या खोलीत मला तेवीस वर्षं झाली. काका नळ बसवणारे. दोन महिन्यांपूर्वी त्यांचं एक फुप्फुस काढून दुसऱ्या कुणाचं बसवलं होतं. हातातल्या शिरेतून औषध सोडून आज त्याच्या रक्तवाहिन्या बघायच्या होत्या. औषध पोचतं तिथे वाहिनी पांढरी दिसते.

पडद्यावर मात्र जुनी-नवी वाहिनी जोडलेल्या सांध्यापुढे सगळं करडं! शेजारी बसलेल्या रेडिओलॉजिस्ट मॅडमचा चेहरा उतरला.

"गुठळीच आहे. पुन्हा उघडावं लागणार. बाहेर काकूंना काय सांगू?" त्यांनी सर्जनना लावायला फोन उचललासुद्धा.

"थांबा!" लहान तोंडी मोठा घास, पण राहवेना. "त्यांच्या स्वतःच्या, जुन्या फुप्फुसातही करडंच दिसतंय. दोन्हीकडे एकदम गुठळी? त्यांनी श्वास फार मोठा ओढला. पोटाकडचं बिनऔषधाचं रक्त धावत वर आलं नि औषध पातळ झालं. परत एकदा घेऊ या."

"आणि तुमचं चुकलं तर? औषधाचा भार किडनीवर पडतो."

"मॅडम, एकदाच."

त्यांनी फोन खाली ठेवला. मी आत धावले. "काका, एवढा मोठा श्वास कशाला घेतलात?"

ते ओशाळले. "सहा वर्षांनी छातीभर येतोय हो. म्हटलं, दाखवावा तुम्हाला."

"आता जरा कंजुषी करा. बोलताना घेता ना, तेवढाच."

पुन्हा औषध सुटलं. आणि आली! पांढरीशुभ्र वाहिनी, सांधा ओलांडून थेट बारीक फांद्यांपर्यंत! मी खुर्चीतून उडालेच. मॅडमनी माझा खांदा गच्च दाबला.

काकांना पडद्यापुढे आणलं. पहिला प्रश्न: "सांधा कुठाय?"

"हा. इथवर तुमची वाहिनी, इथून पुढे ज्यांनी फुप्फुस दिलं त्यांची."

त्यांनी वाकून नीट पाहिलं. "झकास बसवलाय. थेंब गळायचा नाही." मग हळूच म्हणाले, "वय काय हो त्यांचं?"

"ते आम्हालाही सांगत नाहीत."

काकांनी मान डोलावली आणि दार उघडलं. "अगं, आत ये. तुला त्यांना भेटायचं होतं ना?"

काकूंनी केस सारखे केले आणि पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.