मणक्यावरची गेरूची रेघ

बेंबळीच्या शिवारात, पाझर तलावाच्या अलीकडं, पत्र्याचं एक शेड आहे. गेल्या हिवाळ्यात दर गुरुवारी तिथं तीनशे-साडेतीनशे माणूस जमायचं. मोटरसायकली बाभळीखाली, बाया एका अंगाला, गडी एका अंगाला आणि मधोमध एका स्टुलावर उघड्या अंगानं बसलेला नागिणीचा रोगी. जानेवारीतल्या एका गुरुवारी त्या स्टुलावर मी बसलो होतो.

मी म्हणजे रामहरी गुरुजी. वय एकसष्ट, निवृत्त शिक्षक. विषय विज्ञान. यातली शेवटची गोष्ट लपवता आली असती तर बरं झालं असतं, पण सगळी हकीकत तिच्यावरच उभी आहे.

"ह्या नागिणीचं तोंड पाठीला, शेपूट पोटाला!" गौरीशंकर बाबा माझ्याभोवती फिरत म्हणाले. काळा गॉगल, गळ्यात माइक. "तोंड न् शेपूट एक झालं की माणूस खलास! ही सात बहिणींतली चौथी हाय. पहिल्या तिघी गरीब. ही लई तापट!"

गर्दीतनं 'आई गं' असा आवाज आला. मी मान डोलावली. चौथीचं सासर कुठलं, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

मग बाबांनी मोरपीस गेरूत बुडवलं आणि माझ्या मानेपासून कमरेपर्यंत, बरोबर मणक्यावरनं, एक लाल रेघ ओढली. पुढं येऊन छातीपासून बेंबीपर्यंत दुसरी. "हितनं पुढं पाऊल टाकलंस तर गाठ माझ्याशी हाय!" ते माझ्या पाठीवर ओरडले. माझ्या पाठीवर आजवर इतकं कुणी रागावलं नव्हतं.

"सुई टोचायची न्हाय, गोळी गिळायची न्हाय. लोखंड दिसलं की ही आत पळती. फुडल्या गुरुवारी या."

मी तिथवर कसा पोचलो तेही सांगतो. रविवारी डाव्या कुशीला मिरची चोळल्यासारखी आग सुटली. मंगळवारी तिथं लाल चट्टा उठला आणि त्यावर पाण्यानं भरलेले फोड आले. बायको, कमलबाई, म्हणाली, "अहो, धाराशिवला डॉक्टरकडं जाऊन या." बुधवारी सकाळी मी निघालोही. पण स्टँडवर शेजारचा बलभीम भेटला. त्यानं माझा सदरा वर केला, फोडांपासून मणक्यापर्यंत बोटं मोजली आणि म्हणाला, "सर, चारच बोटं राहिली की!"

चार बोटं! तीस वर्षं मी पोरांना विषाणू शिकवला. तरी एस.टी. समोर उभी असताना मी बलभीमला विचारलं ते एवढंच, "बाबा कुठं बसतात?"

पुढच्या गुरुवारी मी परत स्टुलावर बसलो. बाबांनी माझ्या पाठीवरचं फडकं ओढलं आणि अख्ख्या गर्दीनं श्वास रोखला. फोड सरकत सरकत मणक्यापर्यंत आले होते आणि रेघेच्या अर्धा बोट अलीकडं थांबले होते. पोटावरही तेच. बाया हात जोडून उभ्या राहिल्या. कुणीतरी मोबाइलनं माझ्या पाठीचा फोटो काढून मला दाखवला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

बाबांनी माइक माझ्या हातात दिला. शिक्षकाच्या हातात माइक देऊ नये. मी म्हणालो, "मी विज्ञानाचा शिक्षक आहे. डोळ्यांनी पाहिलेलं नाकारायचं नाही, हेच विज्ञान सांगतं." टाळ्यांनी शेड दणाणलं. आठवड्याच्या आत माझ्या त्या बोलण्याचा व्हिडिओ तामलवाडीपासून कळंबपर्यंत गेला आणि शेडवर नवा बॅनर लागला. हात जोडलेला मी आणि खाली मोठ्या अक्षरात, 'विज्ञानानेही टेकले हात!'

फोड वाळले, खपल्या पडल्या. आग मात्र गेली नाही. साधा सदरा अंगाला लागला तरी जीव कळवळायचा. पण हे कुणाला सांगणार? मी तर बरा झाल्याची साक्ष माइकवरनं दिली होती.

"नागीण उतरली म्हणता, मग बनियन का घालत नाही?" कमलबाईनं विचारलं.

"उकडतंय."

"जानेवारीत?"

मी उठून अंगणात गेलो.

मार्चमध्ये हरणाबाई आली. आमच्या गल्लीतच राहते. नवरा गेल्यापासून ब्लाउज शिवून तिनं दोन लेकी शिकवल्या. लग्नसराईत तिची मशीन पहाटेपासून चालायची. त्या दिवशी मात्र ती कपाळ धरून दारात उभी होती. उजव्या भुवईच्या वर फोडांचा पुंजका उठला होता.

"गुरुजी, कालपासनं लई आग हुतीया. तुमी बरं झालात तिथं मला न्या."

गुरुवारच होता. मी तिला स्कुटीवर बसवलं. रस्ताभर बाबांचं कौतुक सांगत होतो.

बाबांनी तिच्या केसांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत कपाळाच्या मधोमध रेघ मारली. मग भुवईवर आणखी एक आडवी. "डोळ्याच्या अंगणात पाय न्हाय ठेवायचा!" त्यांनी दटावलं. मीही मनात दटावलं.

शनिवारी सकाळी हरणाबाईची थोरली, सोनाली, बोलवायला आली. जाऊन बघतो तर पापणी सुजून डोळा निम्मा झाकलेला, आतून लालभडक. पापणीवर दोन फोड, नाकाच्या शेंड्याशी एक. मधली रेघ शाबूत होती. आडवी रेघ मात्र नागिणीनं बिनदिक्कत ओलांडली होती.

मी बाबांना फोन लावला.

"घरात कुणी सुई हाताळली का?"

"बाबा, त्या शिवणकामच करतात."

"मग! म्या काय बोललो हुतो?"

आणि मी, विज्ञानाच्या शिक्षकानं, हरणाबाईच्या सुयांचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवला. हे लिहिताना कान गरम होतायत, पण लिहितो.

तेवढ्यात दैवशाला आली. आमच्या उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी, माझीच जुनी विद्यार्थिनी. कमलबाईनं मला न विचारता तिला बोलावून आणलं होतं. तिनं हरणाबाईचा चेहरा उजेडाकडं वळवला आणि नाकाचा शेंडा पाहिला.

"मावशी, नीट दिसतंय का?"

"धुकं पडल्यावानी दिसतंय."

"आत्ताच्या आत्ता धाराशिवला निघायचं. डोळ्याच्या डॉक्टरकडं. नाकाच्या शेंड्याकडं आणि डोळ्याकडं एकाच नसेचा फाटा जातो."

"एकदा बाबांना विचारून..." मी म्हणालो.

"सर, बाजूला व्हा."

तीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्यानं मला असं सुनावलं नव्हतं. मी बाजूला झालो. त्या आठवड्यात मी केलेलं ते पहिलं शहाणपणाचं काम.

धाराशिवच्या डॉक्टरांनी तपासलं. विषाणूची वाढ रोखणाऱ्या गोळ्या लगेच दिल्या, डोळ्यात थेंब टाकले. "बुबुळाला लागण झाली आहे," ते म्हणाले. "दोन दिवस आधी आला असता तर जास्त बरं झालं असतं. आणखी दोन दिवसांनी आला असता तर डोळ्याची खात्री देता आली नसती." ते हे सगळं माझ्याकडं बघून म्हणाले. मीच नातेवाईक आहे असं त्यांना वाटलं असावं.

बाहेरच्या बाकावर मी दैवशालाशेजारी बसलो. शेवटी विचारलंच. "पण माझ्या पाठीवर रेघेपाशी कशी थांबली?"

"सर, लहानपणी तुम्हाला कांजिण्या आल्या होत्या?"

"दुसरीत. आईनं लिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं."

"त्या बऱ्या झाल्या, पण विषाणू मेला नाही. तो मणक्याच्या बाजूला, नसेच्या मुळाशी लपून बसला. पन्नास वर्षं. तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला ओळखून होत्या, डोकं वर काढू देत नव्हत्या. वय झालं, शुगर वाढली, पहारा ढिला पडला. तो एका नसेतून कातडीवर आला."

"एकाच?"

"बहुतेकदा एकाच. आणि डावीकडची नस डावीकडच्याच कातडीला जाते. मागं मणक्यापाशी आणि पुढं बेंबीच्या रेषेत तिची हद्द संपते. पलीकडं उजव्या नसेचा इलाका." तिनं बोटानं हवेत माझी पाठ काढली. "ती रेघ तुमच्या अंगात जन्मापासनं होती, सर. बाबानं फक्त रंगवली."

मी बाकाची कड घट्ट धरली. "म्हणजे तोंड न् शेपूट..."

"एका नसेचं जुळणारच नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खचलेली असते त्यांना अंगभर फोड येतात, त्यांना भरती करावं लागतं. पण कमरेला वेढा पूर्ण झाला म्हणून माणूस मरत नाही."

"मग फोड कशानं वाळले?"

"तुमच्याच पेशींनी. जुनी ओळख होती ना. विषाणू बाहेर आला तशा त्या जाग्या झाल्या, चार-पाच दिवसांत हजारांच्या लाखो झाल्या आणि जिथं तो शिरला होता त्या पेशी शोधून शोधून मारल्या. त्यांना थोडे दिवस लागतात, म्हणून बाबा पुढच्या गुरुवारी बोलावतो. गोळी वेळेवर घेतली असती तर विषाणूची वाढ खुंटली असती, नसेला इजा कमी झाली असती. तुमची आग अजून गेली नाही ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कमलकाकूंनी. आणि तुम्ही सदऱ्याची डावी बाजू दोन बोटांनी उचलून धरलीय."

मी सदरा सोडला आणि कळवळलो.

"आठवीत तुम्हीच शिकवलं होतं, सर. फळ्यावर पांढऱ्या पेशीचं चित्र काढून. पाच मार्कांना आलं होतं आम्हाला."

"मी पानावरचं शिकवलं गं," मी म्हणालो. "ते अंगावर येईल असं वाटलं नव्हतं."

पुढच्या गुरुवारी मी आणि दैवशाला शेडात गेलो. मला बघून बाबा खूश झाले. "गुरुजी आले! द्या त्येंला माइक!"

मी माइक घेतला आणि हरणाबाईची सगळी हकीकत सांगितली. सुयांचा डबाही सांगितला. मग सदरा काढला. "मी इथं बरा झालो म्हणालो होतो. खोटं बोललो. अजून अंगाला कापड सोसत नाही."

कुजबुज सुरू झाली. मी बाबांकडं वळलो. "तुम्ही रेघ नेहमी मणक्यावरच का मारता? दोन बोटं अलीकडं, फोडांच्या वाटेत मारून थांबवून दाखवा. हरणाबाईच्या भुवईवर वाटेत मारलीत, ती का थांबली नाही?"

"शास्त्रात बसत न्हाय ते," बाबा म्हणाले. "तुमची श्रद्धा ढळलीया."

मागनं दैवशालानं हाक मारली. "धुळाप्पा आबा, या की पुढं."

धुळाप्पा सत्तरीचा मेंढपाळ. आला आणि पैरण वर केली. उजव्या कुशीला जुन्या वणांचा पांढुरका पट्टा होता, मणक्यापाशी कापल्यासारखा संपलेला.

"आबा, कधी झाली नागीण?"

"झाली की सा-सात वरसं. वाड्यावर हुतो, रानात."

"रेघ कुणी मारली?"

"रानात कोण मारंल?" म्हातारा म्हणाला. "मेंढरं?"

आधी एक पोरगी हसली, मग सगळं शेड. बायांच्या बाजूनं दोघीजणी उठल्या. एकीच्या पाठीवर, एकीच्या मांडीवर झाली होती. दोघींनाही कुणी रेघ मारलेली नव्हती, दोघींचीही एकाच बाजूला राहिली होती.

"ही त्येंच्या कुळाची पुण्याई!" बाबा ओरडले.

"मग तुमचं काय काम?" धुळाप्पानं विचारलं. त्याला खरंच उत्तर हवं होतं. बाबांनी माझ्या हातातल्या माइकचं बटण बंद केलं.

दैवशालानं त्यांच्या हातातलं मोरपीस बघितलं. "आणि हे एकच पीस तुम्ही सगळ्यांच्या ओल्या फोडांवरनं फिरवता. ज्याला कांजिण्या आल्या नाहीत त्याला ह्यातनं कांजिण्या होऊ शकतात. घरात पोटुशी बाई असेल, तान्हं लेकरू असेल, त्यांना त्या जड जातात." हे ऐकून मात्र बायांची बाजू झपाट्यानं रिकामी झाली.

फार मोठा विजय झाला असं समजू नका. त्या दिवशी रांगेत तीन रोगी होते. दोन डॉक्टरकडं जायला आमच्याबरोबर जीपमध्ये बसले, तिसरा स्टुलावर बसला. बाबांनी महिनाभरानं मुक्काम हलवला. कुठं ते मला ठाऊक नाही. माझा व्हिडिओ मात्र फिरतोच आहे. आठवड्याला एखादा फोन येतो, "गुरुजी, बाबांचा पत्ता द्या." मी डॉक्टरकडं जा म्हणतो. काहीजण ऐकतात. काहीजण म्हणतात, "तुम्ही खरे गुरुजी न्हाय," आणि फोन ठेवतात.

हरणाबाईचा डोळा वाचला. बुबुळावर एक फिकट डाग राहिला, त्या डोळ्यानं तिला दिव्याभोवती कडं दिसतं. बारीक काम आता धाकटी लेक करते. मी माफी मागायला गेलो तेव्हा तिनं चहा केला, कप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "गुरुजी, बाबाच्या भरवशावर म्या न्हाय गेले. तुमी शिकलेले, म्हणून गेले."

तो चहा मला संपवता आला नाही.

म्हणून सांगतो. अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन फोड उठले, तर बोटं मोजत बसू नका. तीन दिवसांच्या आत डॉक्टरकडं जा, आणि कपाळावर किंवा डोळ्याजवळ उठले तर त्याच दिवशी जा. तुमच्या रक्तातल्या पेशी न सांगता कामाला लागलेल्या असतात, त्यांना वेळेवर मदत द्या. आणि कुणी चमत्कार दाखवला तर एकच विचारा: हे केलं नसतं तर काय झालं असतं? विचारताना लाज वाटेल, लोक हसतील. मी विचारलं नाही, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.