नऊ डिकेडचा कागद

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. भिवंडीजवळच्या अंजूर गावातल्या वाचनालयात, कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर राहतो. पाठ उसवली आहे आणि 'झेड'ची शेवटची दोन पानं कुठे गेली, मलाही ठाऊक नाही.

मित्रांनो, छापखान्यातून मला रामनाथ गुरुजींनी शाळेत आणलं. मुलं रांग लावून शब्द शोधायची. गुरुजी ओरडायचे, "आधी हात धुऊन या रे!" निवृत्त झाल्यावर त्यांनी मला इथे ठेवलं. इथे लोक वर्तमानपत्रापुरते येत. दोन-दोन वर्षं मला कुणी उघडत नसे.

२००६ साली एका दुपारी गुरुजी इथे वाचत बसले असताना हौसाबाई आल्या. नवरा गेल्यावर खाडीकडचं भाताचं शेत त्या एकट्याच कसायच्या. शेजारच्या शेतांत गोदामं उभी राहिली होती. त्यांच्या हातात इंग्रजी करारनामा होता.

"गुरुजी, वाचा ना जरा. दलाल बोलतो, थोड्या सालांसाठी भाड्यानं द्या, मंग जमीन तुमचीच हाय. उद्या अंगठा द्यायचाय."

गुरुजी वाचता वाचता थांबले. "नाइन डिकेड्स... अर्थ ठाऊक आहे मला. पण हौसा, तुझ्या जमिनीचा प्रश्न आहे, खात्री करू."

त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि पान काढलं. "डिकेड म्हणजे दहा वर्षांचा काळ, दशक. मूळ ग्रीक शब्द 'डेका', म्हणजे दहा. आपल्या 'दश'चाच भाऊबंद."

"मंग नऊ डिकेड म्हंजे?"

"नव्वद वर्षं."

हौसाबाईंनी करारनामा गुरुजींच्या हातातून परत घेतला. मग म्हणाल्या, "नव्वद? तवर मी न्हाय, नि माझी पोरपन न्हाय. न्हाय देत अंगठा!"

दुसऱ्या दिवशी दलाल तसाच परतला, असं गुरुजी इथे सांगत होते. हौसाबाईंनी त्या वर्षीही भात लावला.

त्या दुपारी जाताना त्या गुरुजींच्या पाया पडल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांना वाचता येत नव्हतं, मी कोण हे त्यांना कसं कळणार? तरी तो माझा सगळ्यात चांगला दिवस.

पुढच्या वर्षी गुरुजी वारले. त्यानंतर मला कुणीच उघडलेलं नाही. कपाटाला आता कुलूप असतं.

मित्रांनो, सही करायच्या कागदावर एकही शब्द अनोळखी ठेवू नका. कुलूप उघडायला सांगा आणि मला विचारा. मी वाट पाहतो आहे.