मोतीराम मास्तरांचा भोंगा

मित्रांनो, कानांवर हात ठेवू नका. मी एक जुना भोंगा आहे हे खरे, पण आज हळू आवाजात बोलणार आहे. तशी मला हळू बोलायची सवय नाही. चिंचखेडच्या शाळेच्या माळ्यावर, फाटक्या नकाशांच्या शेजारी मी पडून आहे. माझ्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केले आहे. याच तोंडातून एक आमदार निवडून आला, असे मी सांगतो तेव्हा त्या माश्यांनाही खरे वाटत नाही. पण ते खरे आहे, आणि ऐकण्यासारखे आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, ठोकला, वळवला आणि मला हे रुंद तोंड मिळाले. तिथून रेल्वेने मी अमरावतीला आलो, राजापेठेतल्या ओमप्रकाशच्या दुकानात. ओमप्रकाश लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा. लग्नात मी सनई वाजवली, सप्ताहात कीर्तन केले, तंबूतल्या सिनेमाची जाहिरातही केली. ओमप्रकाश मला स्वतःच्या रुमालाने पुसायचा आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. मी जिथे जाईन तिथे तो बॅटरी आणि मशीन घेऊन मागे यायचा. लोक म्हणायचे, भोंगा आला. ओमप्रकाश आला असे कोणी म्हणत नसे, आणि मला त्यात काही वावगे वाटत नसे.

१९५७ साली निवडणूक आली. अकोल्याकडून एक उंच, सडपातळ गृहस्थ दुकानात आले. ते मोतीराम तेलगोटे. चिंचखेडच्या शाळेत मास्तर होते, नोकरीचा राजीनामा देऊन उभे राहणार होते. चिंचखेड म्हणजे बाळापूरच्या अलीकडचे काळ्या मातीचे गाव. मास्तरांनी मला महिनाभरासाठी ठरवले आणि मी त्यांच्या अंगणातल्या लिंबावर जाऊन बसलो.

तिथेच मी एक बैठक ऐकली. त्या वेळी आमच्या मोठ्या मतदारसंघातून दोन आमदार जायचे, एक राखीव जागेवर आणि एक खुल्या जागेवर. मास्तरांनी आणि त्यांच्या घराने आदल्या वर्षी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. बौद्ध माणसाला तेव्हा राखीव जागेवर उभे राहता येत नव्हते. म्हणून अमरावतीचे पुढारी महादेवराव वकील मास्तरांची समजूत घालायला आले होते.

"मास्तर, कागदावर जुनी जात लेहा आन् घरात वंदना म्हना," महादेवराव म्हणाले. "राखीव जागा तुमच्या खिशात हाय. कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिलो ना," मास्तर म्हणाले.

मास्तरांच्या पत्नी सुंदराबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या कपबशी खाली ठेवत म्हणाल्या, "वकीलसाहेब, घरातले देव आमी सोता नदीत शिरवले. आता खुर्चीसाठी गाळातून काढून आनू काय?"

वकीलसाहेबांनी चहा घेतला आणि विषय बदलला. मास्तरांनी खुल्या जागेवर अर्ज भरला. मित्रांनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. आता त्यांना आपल्या वस्तीची मते पुरणार नव्हती. वाड्यातल्या, मळ्यातल्या, बाजारपेठेतल्या सगळ्यांनी त्यांना आपले म्हणायला हवे होते. ते होईल का, एवढाच प्रश्न होता. पुढच्या दोन निवडणुका मी त्याच प्रश्नाच्या मागे दमणीवर बसून फिरलो. दमणी म्हणजे आमच्या वऱ्हाडातली बसायची हलकी बैलगाडी. काळ्या मातीच्या वाटांवर तिच्याइतके भरवशाचे दुसरे वाहन नव्हते.

मास्तरांची निशाणी होती तराजू. आता वऱ्हाडात तराजू म्हणजे कापसाचा बाजार, आणि कापसाचा बाजार म्हणजे मापात मारणारे व्यापारी. पहिल्याच सभेत चिंचखेडचे मोठे शेतकरी नत्थुजी उठून म्हणाले, "मास्तर, तराजूनंच त आमाले बुडवलं. त्याले मत कसं द्याचं?"

"म्हनूनच द्या," मास्तर म्हणाले. "तराजू वाईट नाही नत्थुजी, त्याले धरनारा हात वाईट हाय. हात बदला."

लोक पोट धरून हसले. पण सभा संपल्यावर नत्थुजी जवळ आले आणि हळूच बोलले. "तुमी मानूस सोन्याचे. पण तुमची जागा सोडून आमच्या जागेवर काहून आले?" मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढच्या सभेला निघाले. मला मात्र फार वाईट वाटले. माझ्यातून इतके बोलूनही त्या एका माणसापर्यंत आम्ही पोचलो नव्हतो.

त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली असे. आपली चिठ्ठी आपल्या माणसाच्या पेटीत टाकली की झाले. म्हणून ओमप्रकाशने एक घोषणा बांधली: "तराजूची पेटी, विसरू नका! तराजूची पेटी, चुकू नका!" ती मी इतक्या वेळा म्हटली की गावातली पोरे गोट्या खेळताना तीच म्हणू लागली. केशरबाई नावाची वस्तीतली म्हातारी नातवाला झोपवतानाही तीच म्हणायची. इतक्या गावांत माझे शब्द घरोघरी बसले होते. माझी छाती फुगली होती, आणि भोंग्याला छातीशिवाय असते तरी काय?

मास्तर त्या निवडणुकीत पडले. पण घरी बसले नाहीत. अकोल्याच्या बाजारात कापूस उघड्यावर, शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर मोजला जावा म्हणून त्यांनी गाड्या अडवल्या, उपोषण केले, दोनदा अटकही झाली. शेवटी मोजमाप उघड्यावर होऊ लागले. त्याचा फायदा नत्थुजींसारख्यांना सगळ्यांत जास्त झाला. नत्थुजी त्याबद्दल चारचौघांत कधी काही बोलले नाहीत. मी मनात म्हणायचो, गरज सरो आणि वैद्य मरो.

१९६२ साली पुन्हा निवडणूक आली. महाराष्ट्र राज्य झाले होते. मतदारसंघही बदलले होते, आमचा आता एका आमदाराचा आणि खुला झाला होता. मास्तर पुन्हा उभे राहिले, पुन्हा तराजू मिळाला, पुन्हा मी दमणीवर चढलो. या वेळी मतदानाची रीतही नवी होती. सगळ्यांची मिळून एकच पेटी. कागदावर सगळ्यांच्या निशाण्या छापलेल्या, त्यांतल्या आपल्या निशाणीवर शिक्का मारायचा. मास्तर प्रत्येक सभेत हे समजावून सांगत. पण त्यांचे बोलणे संपले की ओमप्रकाश सवयीने मला लावायचा, "तराजूची पेटी, विसरू नका!" लोक टाळ्या पिटायचे. मास्तर एकदा म्हणाले, "ओमप्रकाश, ते पेटीचं आता काढा." ओमप्रकाश म्हणाला, "अरे भाई, लोकांना पाठ आहे. पाठ झालेली चीज कोणी बदलतं का?" मलाही त्याचेच म्हणणे पटले. हातची घोषणा सोडून पळत्याच्या मागे कोण लागतो?

मतदानाच्या दिवशी मला बोलायला बंदी होती. दमणी शाळेपासून लांब, नाल्याकाठच्या झाडाखाली उभी होती. सकाळी वस्तीतल्या बायाबापड्या नवी लुगडी नेसून रांगेत लागल्या. थोड्या वेळाने केशरबाई शाळेतून बाहेर आली, ती कपाळावर हात मारतच.

"मास्तरची पेटी नेली वं माय कोनी तरी! आत एकच पेटी हाय, तिच्यावर तराजू नाही. मी कागद साह्यबाच्या टेबलावर तसाच ठेवून आली."

रांगेत गलका झाला. पेटीच नाही तर मत कोणाला द्यायचे, म्हणून बाया घराकडे वळल्या. तरुण पोरांनी काठ्या उचलल्या. पेटी चोरली, शाळा फोडा, असे ओरडू लागले. मित्रांनो, शाळेत दगड पडला असता तर मतदान थांबले असते आणि मास्तरांच्या नावावर कायमचा डाग लागला असता. आणि आजूबाजूच्या प्रत्येक गावात हेच घडत असणार हे मला एकदमच कळले. पाच वर्षे पाठ केलेली पेटी सगळेच शोधत होते.

मास्तर धावत आले. दमणीवर चढून हात वर केले. "काठ्या ठेवा खाली! पेटी कोनी नेली नाही. रीत बदलली. सगळ्यायची एकच पेटी हाय, तराजू कागदावर हाय. त्याच्यावर शिक्का मारा आन् त्याच पेटीत टाका."

"भोंगा लावा!" पोरे ओरडली. ओमप्रकाशचा हात बटणावर गेला. एका शब्दात मी चार गावांना ऐकू गेलो असतो!

"नाही," मास्तर म्हणाले. "आज त्याले बंदी हाय. कायदा मोडून मले आमदार नाही व्हाचं."

तेव्हा केशरबाई नाल्याच्या बांधावर चढली. कमरेवर हात ठेवून तिने रानाकडे तोंड केले आणि हाळी दिली. वेचणी करणाऱ्या बाया एका शेतातून दुसऱ्या शेतात निरोप पाठवतात, तशी लांबलचक हाळी. "एकच पेटी हाय वोऽऽ! तराजू कागदावर हायऽऽ! त्याच्यावर शिक्का माराऽऽ!" तिच्यामागे वस्तीतल्या सगळ्या बाया उभ्या राहिल्या.

पण नाल्यापलीकडे नत्थुजींचे शेत होते, दूरवर पसरलेले. पुढची गावे त्याच्या पल्याड. हाळी पुढे जायची तर ती त्यांच्या माणसांनी उचलायला हवी होती. शेतात नत्थुजींच्या पत्नी लीलाबाई गड्यामाणसांसोबत शेवटचा कापूस वेचत होत्या. त्या ताठ उभ्या राहिल्या. हाळी त्यांना ऐकू आली होती, यात शंका नव्हती. त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. नत्थुजी बैलांजवळ उभे होते. मास्तर आणि मी दमणीवर, केशरबाई बांधावर, सगळे त्या दोघांकडे पाहत होतो. मास्तरांच्या पाच वर्षांचा निकाल तिथे लागायचा होता. पेटीत नंतर फक्त कागद पडणार होते.

नत्थुजींचा आवाज नाल्याच्या अलीकडे स्पष्ट आला. "अवं, माह्या तोंडाकडं काय पाहून राहिली? पुढं सांग ना!"

लीलाबाईंनी पाठ फिरवली, पदर खोचला आणि पल्याडच्या रानाला हाळी दिली. काय तो आवाज! माझ्यासारखे दोन भोंगे लाजले असते. लगेच त्या पल्याडून उत्तर आले, मग त्याच्याही पल्याडून. हरभऱ्यातून, गव्हातून, कापसातून तो निरोप माझ्या डोळ्यांसमोर लांब लांब गेला आणि दिसेनासा झाला. नत्थुजी तर बैल सोडून स्वतः पुढच्या गावाच्या वाटेला लागले. केशरबाई पुन्हा रांगेत उभी राहिली. तिचा कागद साहेबांनी टेबलावर जपून ठेवला होता. तिने शिक्का मारला आणि बाहेर येऊन सगळ्यांना शाईचे बोट दाखवले.

मास्तर निवडून आले. मतांचा फरक इतका थोडा होता की अकोल्याला मोजणी दुसऱ्यांदा करावी लागली. दुसऱ्यांदाही तराजूच खाली झुकला.

विजयाची सभा चिंचखेडला झाली. माझी बंदी उठली होती आणि मी लख्ख पुसलेला होतो. नत्थुजी जन्मात पहिल्यांदा माईकसमोर आले. बुजऱ्या बैलाला चुचकारावे तसा त्यांनी माईकला हात लावला. "हे आमचे आमदार," एवढेच ते बोलले आणि खाली बसले. ते एक वाक्य मी असे वाजवले की बाळापूरच्या किल्ल्यापर्यंत गेले असेल. सुंदराबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या.

पुढची पाच वर्षे मास्तर मुंबईला आणि नागपूरला विधानसभेत बोलले. नाल्यावर पूल झाला, शाळेला चार खोल्या झाल्या, मुलांना वसतिगृह मिळाले. गावोगावी सभा मात्र त्यांनी एका नव्याच रीतीने घेतल्या. आधी माईक खाली लोकांत द्यायचा. गुराखी, मोलकरणी, म्हाताऱ्या माझ्यातून बोलायच्या, अडखळायच्या, रडायच्या, कधी मास्तरांनाच चार शब्द सुनावायच्या. मास्तर शेवटी बोलत, तेही थोडेच. पहिल्यांदा मला हे कमीपणाचे वाटले. मग मला त्या बारीक आवाजांची गोडी लागली.

१९६७ साली मास्तर पडले. पण खुल्या जागेवर, आपल्या नावाने उभे राहून पडले. दुसऱ्या दिवशी ते हसतच शेतावर गेले. ओमप्रकाशने नवे चकचकीत भोंगे आणले आणि मला मास्तरांच्या हाती देऊन टाकले. मास्तरांनी मला शाळेला दिले. पहिली दोन वर्षे झेंडावंदनाला मला खाली काढले, मग नवीन मशीन आली आणि सगळे विसरले. तेव्हापासून मी या माळ्यावर आहे.

मित्रांनो, माझा आवाज अजून शाबूत आहे. गांधीलमाश्यांना हुसकावा, गंज खरवडा, एक तार जोडा, मी पुन्हा बोलेन. वापरात ठेवलेली वस्तू म्हातारी होत नाही. पण मला खाली काढलेत तर एक करा. तुमच्या वर्गात ज्याचा आवाज सगळ्यांत बारीक आहे, जो मागच्या ओळीत मान खाली घालून बसतो, त्याच्या हाती माईक सगळ्यांत आधी द्या. दांडग्या आवाजाच्या मुलांना माझी गरज नाही. मी घडलो तो त्या मागच्या ओळीसाठी.